वर्गातला छळ, खिशातला फोन

माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या ऑनलाइन छळाचा विषय पालकसभेत निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'आमच्या वेळीही चिडवायचे, आमचं काय बिघडलं?' हे पहिले. 'हे सगळं त्या मोबाइलमुळे होतंय,' हे दुसरे. पहिले म्हणणारे विषय तिथेच मिटवतात. दुसरे म्हणणारे घरी जाऊन मुलाचा फोन कपाटात बंद करतात. गेल्या वीसेक वर्षांतले संशोधन मात्र दोघांच्याही बाजूने पुरते उभे राहत नाही. चिडवणे जुने आहे हे खरे, पण त्याचे आजचे रूप मुलाला घरातही निवांत बसू देत नाही. मोबाइलने ते रूप घडवले हेही खरे, पण छळाचे मूळ बहुतेक वेळा वर्गातल्याच नात्यांत असते. हे संशोधन काय सांगते, आपल्याकडचा कायदा कुठवर पोचतो आणि निरनिराळ्या देशांनी करून पाहिलेल्या उपायांतून काय हाती लागले, याचा हा आढावा.

छळ कशाला म्हणायचे?

शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास डॅन ऑल्व्हेउस या मूळच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सुरू केला. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आयुष्य संपवले. त्यामागे सोबत्यांचा छळ असावा, अशी चर्चा झाली आणि १९८३ मध्ये नॉर्वेने देशभर छळविरोधी मोहीम हाती घेतली. ऑल्व्हेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: तो जाणूनबुजून केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि छळणाऱ्याची बाजू इतकी वरचढ असते की सोसणाऱ्याला प्रतिकार करणे अवघड जाते. पीटर स्मिथ आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हीच व्याख्या फोन आणि इंटरनेटला लावली. सायबर छळाची आज सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या तीच आहे.

ऑनलाइन जगात मात्र या तिन्ही खुणा डळमळतात. एखादा फोटो एकदाच टाकला आणि तो दोनशे जणांनी पुढे पाठवला, तर छळ एकदा झाला की दोनशे वेळा? वर्गात दांडगा मुलगा वरचढ असतो. फोनवर ज्याच्याकडे दुसऱ्याचा पासवर्ड, जुना स्क्रीनशॉट किंवा खासगी फोटो आहे तो वरचढ ठरतो, मग तो अंगाने कितीही किरकोळ असो. हेतूचे तर विचारूच नका. पकडले गेल्यावर प्रत्येकाचे उत्तर एकच असते, 'मस्करी केली, सर.' आणि काही वेळा ते खरेही असते. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की माणूस एरवी जे बोलणार नाही ते बोलून जातो, हे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्येच मांडले होते. वर्गात चिडवताना समोरच्याचे डोळे भरून आलेले दिसतात आणि निदान काही मुले तिथे थांबतात. पडद्यावर ते डोळे दिसत नाहीत.

आपल्या शाळांत हे प्रकार कसे दिसतात ते शिक्षकांना आणि मुलांना चांगले ठाऊक आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एकालाच काढून टाकायचे, किंवा त्याला वगळून बाकी सगळ्यांचा नवा ग्रुप काढायचा. मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर फेक अकाउंट उघडायचे. शाळेच्या नावाने निनावी 'कन्फेशन पेज' चालवून तिथे कोणाचे कोणाशी जमले याच्या कंड्या पिकवायच्या. कोणाच्या फोटोचे स्टिकर करून फिरवायचे. गेम खेळताना हेडफोनवरून आईबहिणीवरून शिव्या घालायच्या. रंग, वजन, तोतरेपणा, आडनाव आणि त्यातून कळणारी जात यांवरून टोमणे मारायचे. आणि सगळ्यांत धारदार हत्यार म्हणजे 'व्हायरल करीन' ही धमकी.

किती मुलांना हा त्रास होतो?

या प्रश्नाचे उत्तर कोण विचारतो आणि कसे विचारतो यावर ठरते. २०१४ मध्ये रॉबिन कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी १३१ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा बहुतेक अभ्यासांतले प्रमाण १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान पसरलेले दिसले. २०२२ मध्ये मॅकॅफी या संगणक-सुरक्षा कंपनीच्या पाहणीत भारतातल्या ८५ टक्के मुलांनी आपला ऑनलाइन छळ झाल्याचे सांगितले, आणि 'भारत जगात पहिला' अशा बातम्या झळकल्या. पण अशा पाहणीत 'कधी तरी' असे विचारलेले असते, शिवाय नावे ठेवण्यापासून धमकीपर्यंत सगळे एकाच टोपलीत जाते. असा आकडा भीती घालायला उपयोगी पडतो, धोरण ठरवायला नाही.

सातत्याने आणि एकाच पद्धतीने होणाऱ्या पाहण्यांचे आकडे जास्त भरवशाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने ४४ देशांतल्या सुमारे २ लाख ७९ हजार मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मुलग्यांपैकी १५ आणि मुलींपैकी १६ टक्क्यांनी सायबर छळ सोसल्याचे नोंदवले. २०१८ मध्ये हेच आकडे १२ आणि १३ होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत वर्षभरात ऑनलाइन छळ झालेले हायस्कूल विद्यार्थी सुमारे १६ टक्के होते. मुलींमध्ये २० टक्के, मुलग्यांमध्ये ११ टक्के. साधारण सहा मुलांमागे एक, हा आकडा वेगवेगळ्या मार्गांनी पुन्हा पुन्हा समोर येतो.

आपल्याकडे फोन किती खोलवर पोचला आहे हे शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' अहवालाने दाखवले. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटाची पाहणी करून निघालेल्या असर २०२४ नुसार जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखादे प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे ६२ टक्क्यांना माहीत होते. आपले प्रोफाइल खासगी कसे करायचे हे ५५ टक्क्यांनाच. म्हणजे रस्त्यावर गाडी घेऊन उतरलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना ब्रेक कुठे आहे ते सांगितलेलेच नाही.

पोलिसांपर्यंत पोचणारे प्रमाण याच्या तुलनेत नगण्य आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत मुलांविरुद्धचे सायबर गुन्हे २०२१ मध्ये १,३७६ होते, २०२२ मध्ये १,८२३ झाले. वाढ ठळक आहे, पण कोट्यवधी शाळकरी मुलांच्या देशात हा आकडा गुन्ह्यांपेक्षा मौनाविषयी जास्त सांगतो. त्यातही बहुतांश नोंदी अश्लील मजकुराच्या आहेत. रोजची टवाळी, बहिष्कार आणि बदनामी नोंदवहीत उतरतच नाही.

जुनाच छळ, की नवा?

संशोधकांतला सगळ्यांत जोरदार वाद याच प्रश्नावर झाला. २०१२ मध्ये खुद्द ऑल्व्हेउस यांनी सायबर छळाचा बाऊ केला जात आहे असे ठामपणे लिहिले. ऑनलाइन छळ सोसणारी बहुसंख्य मुले शाळेतही छळली जात असतात, तेव्हा लक्ष शाळेवरच द्यावे, असा त्यांचा मुद्दा होता. २०१७ मध्ये अँड्र्यू प्रिझबिल्स्की आणि लूसी बोज यांनी इंग्लंडमधल्या १५ वर्षांच्या १ लाख २० हजार मुलांच्या उत्तरांवरून त्याला बळ दिले. नियमित छळ सोसणारी मुले ३० टक्के होती. त्यात फक्त ऑनलाइन छळ सोसणारी एक टक्काही नव्हती.

अमेरिकेत बोस्टनजवळच्या भागात नववी ते बारावीच्या २० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच थोड्या वेगळ्या आकड्यांनी सांगतो: ऑनलाइन छळ सोसणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के मुले शाळेतही छळली जात होती. छळणारा कोण हे न कळणे हा सायबर छळाचा मोठा विशेष मानला जातो, तोही तपासून पाहिला पाहिजे. याना युव्होनेन आणि एलिशेवा ग्रोस यांच्या २००८ च्या अभ्यासात छळ सोसलेल्यांपैकी ७३ टक्के मुलांना तो कोण करतो आहे हे नक्की किंवा बऱ्यापैकी ठाऊक होते. २००६ मध्ये अमेरिकेच्या मिसुरी राज्यात १३ वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. 'मायस्पेस'वर तिच्याशी आधी मैत्री आणि मग दुष्टावा करणारा 'मुलगा' अस्तित्वातच नव्हता. ते खोटे खाते उघडण्यात शेजारच्याच, तिच्या जुन्या मैत्रिणीच्या आईचा हात असल्याचे पुढे खटल्यात समोर आले. आपण मुलांना 'अनोळखी लोकांशी बोलू नकोस' असे बजावत राहतो. त्रास देणारा मात्र बहुधा ओळखीचा निघतो.

एवढ्यावरून ऑल्व्हेउस यांचा पक्ष पूर्ण जिंकला असे म्हणता येत नाही. बोस्टनच्या त्याच अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण कोणताही छळ न सोसलेल्या मुलांत सुमारे २ टक्के, फक्त शाळेत छळ सोसलेल्यांत ४ टक्के, फक्त ऑनलाइन छळ सोसलेल्यांत ९ टक्के आणि दोन्ही सोसलेल्यांत १५ टक्के होते. मिच व्हान खील आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ३४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आत्महत्येच्या विचारांशी छळाचा संबंध सर्वत्र दिसला, पण सायबर छळाशी तो अधिक घट्ट होता. दोन्ही बाजू एकत्र वाचल्या तर चित्र स्पष्ट होते. छळ सहसा वर्गात जन्मतो आणि फोनवर वाढतो. ज्याच्या वाट्याला दोन्ही येतात त्याची अवस्था सर्वांत बिकट होते.

हे वाढणे कशामुळे? पूर्वी शाळा सुटली की छळही सुटायचा. आता तो दप्तराबरोबर घरी येतो, रात्री अंथरुणात उशाशी असतो. वर्गातले टोमणे दहा जण ऐकायचे. पोस्ट किती जणांनी पाहिली याचा आकडा तिच्या खालीच लिहिलेला असतो. बोललेले विरून जाते, स्क्रीनशॉट राहतो. शाळा बदलली तरी नव्या शाळेत तो मुलाच्या आधी पोचू शकतो.

मनावर, शरीरावर, अभ्यासावर

तेरा ते अठरा या वयात घरच्यांच्या शब्दापेक्षा सोबत्यांच्या नजरेला वजन असते. त्यामुळे गटातून बाहेर काढणे हा मोठ्यांना किरकोळ वाटणारा प्रकार मुलांना मारहाणीइतका लागतो. नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तरुणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून चेंडू एकमेकांकडे टाकण्याचा संगणकीय खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीचे 'खेळाडू' त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. तेव्हा मेंदूचा जो भाग अधिक जागा झाला, तो शारीरिक वेदनेशीही जोडलेला आहे. तिथे शिवी नव्हती, धमकी नव्हती; नुसते वगळणे होते. ग्रुपमधून 'रिमूव्ह' झालेल्या मुलाला 'त्यात काय एवढं' म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा.

सायबर छळाशी जोडलेले परिणाम बहुतेक अभ्यासांत तेच ते दिसतात: उदासी, चिंता, स्वतःच्याच नजरेत घसरलेली किंमत, एकटेपणा, झोपमोड. डोके दुखणे, पोट दुखणे, सकाळी शाळेच्या वेळेला मळमळणे अशा तक्रारी डॉक्टरांकडे आधी पोचतात. खरे कारण खूप नंतर बाहेर येते, कधी येतही नाही. युनिसेफने २०१९ मध्ये ३० देशांतल्या १ लाख ७० हजारांहून अधिक तरुणांकडून मते मागवली, तेव्हा तिघांपैकी एकाने ऑनलाइन छळ सोसल्याचे आणि पाचांपैकी एकाने त्यापायी शाळा बुडवल्याचे सांगितले. ही ऐच्छिक मतचाचणी होती, तेव्हा आकडे ताणू नयेत. पण शाळा बुडणे, लक्ष न लागणे, गुण घसरणे ही साखळी इतर अभ्यासांतही दिसते. दहावीच्या वर्षात अचानक मागे पडलेल्या मुलाला क्लास बदलून देण्याआधी त्याच्या मित्रमंडळाची चौकशी करणे म्हणूनच शहाणपणाचे.

कारण आणि परिणाम यांची दिशा मात्र एकेरी नाही. स्पेनमधल्या ८४५ किशोरवयीन मुलांचा सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. छळ सोसलेल्यांत पुढे उदासी वाढलेली दिसली, तशीच आधीपासून उदास असलेल्यांच्या वाट्याला पुढे जास्त छळ आलेला दिसला. खचलेले मूल एकटे पडते, एकटे पडलेले मूल सोपे सावज ठरते आणि त्यातून ते आणखी खचते.

आत्महत्येविषयी लिहिताना हे भान अधिकच लागते. छळ आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध भक्कम पुराव्याने सिद्ध झाला आहे. तरीही एका मेसेजमुळे मुलाने जीव दिला, असे सरळ समीकरण मांडणे चूक. त्यामागे बहुधा घरातला ताण, आधीचे आजारपण, परीक्षेचे दडपण आणि मदत न मिळणे यांची गुंतागुंत असते. सरळ समीकरण मांडणाऱ्या बातम्या दुसऱ्या खचलेल्या मुलाला चुकीचा मार्ग दाखवतात. छळ सोसणारी बहुसंख्य मुले जगतात, सावरतात. आणि वेळेवर मिळालेला एक भरवशाचा मोठा माणूस त्या सावरण्यात फार मोठा वाटा उचलतो.

मुलींचे दुखणे वेगळे

मुलग्याचा छळ झाला तर घरचे 'खंबीर हो' म्हणतात. मुलीचा झाला तर 'तू काय केलंस?' असे विचारतात. तिचा फोटो, तिची चॅट, तिच्या नावाचे खोटे खाते यांतून घराची अब्रू गेल्याची भावना तयार होते आणि शिक्षा तिलाच मिळते: फोन बंद, क्लास बंद, काही घरांत शाळाही बंद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. जिथे मुलीला लवकर उजवून टाकण्याची घाई मुळातच आहे, तिथे व्हायरल झालेला एक फोटो त्या घाईला आयते निमित्त पुरवतो.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, दिल्लीतल्या शाळकरी मुलग्यांचा 'बॉइज लॉकर रूम' हा इन्स्टाग्रामवरचा गट उघडकीस आला. त्यात मुलींचे फोटो त्यांच्या नकळत टाकून अश्लील शेरेबाजी चालली होती. चांगल्या घरातली, नावाजलेल्या शाळांतली मुले हे करतात, याचा तेव्हा अनेकांना धक्का बसला. पुढे पोलीस तपासात असेही निघाले की त्याच काळात फिरणारा आणखी एक भयंकर संवाद या गटातला नव्हताच. तो वेगळ्या ठिकाणचा होता आणि त्यातल्या 'मुलग्या'चे सोंग एका मुलीने घेतले होते. गोष्ट दुहेरी आहे: छळ खरा होता, आणि त्याचा निषेध करताना फिरवलेले सगळेच स्क्रीनशॉट खरे नव्हते.

आता तर मुलीने एकही फोटो कोणाला पाठवलेला नसला तरी चालते. सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनच्या आल्मेन्द्रालेखो या गावात वीसहून अधिक शाळकरी मुलींचे नग्न भासणारे बनावट फोटो गावभर फिरले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपने ते साध्या फोटोंवरून बनवले होते आणि बनवणारे त्यांच्याच शाळांतले मुलगे होते. जुलै २०२४ मध्ये तिथल्या बाल न्यायालयाने १५ अल्पवयीन मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. त्यात लैंगिक शिक्षण आणि तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापराचे वर्गही होते. 'फोटो टाकलाच कशाला?' हा प्रश्न या घटनेने कायमचा निकालात काढायला हवा होता.

करणारे आणि बघणारे

छळणारी मुले जन्मतः दुष्ट असतात, असे पुरावा सांगत नाही. स्वतः छळ सोसणारी आणि दुसऱ्याला छळणारी, अशा दुहेरी भूमिकेतली मुले बरीच असतात आणि मानसिक त्रास बहुधा त्यांनाच सर्वाधिक असतो. वर्गात मार खाणारा मुलगा रात्री फेक अकाउंटवरून सूड घेतो, हे नवल नाही. त्यामुळे 'गुन्हेगार' आणि 'बळी' अशी स्वच्छ वाटणी करून दिलेली शिक्षा अनेकदा चुकीच्या जागी बसते.

खरी किल्ली तिसऱ्या गटाकडे आहे: बघणाऱ्यांकडे. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून झालेल्या २००१ च्या अभ्यासात छळाच्या ८८ टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती, मधे पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगी. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. ग्रुपवर हे आणखी अवघड होते. शंभर जण बघत असतात. प्रत्येकाला वाटते दुसरा कोणी बोलेल, आणि हसण्याचा एक इमोजी टाकून मोकळे होणे सर्वांत सुरक्षित असते. छळ सोसणाऱ्याला तो इमोजी मतदानासारखा दिसतो.

मुले सांगत का नाहीत?

युव्होनेन आणि ग्रोस यांच्या अभ्यासातला एक आकडा प्रत्येक शिक्षककक्षात लावून ठेवावा असा आहे: ऑनलाइन छळ सोसलेल्या ९० टक्के मुलांनी तो कोणाही मोठ्या माणसाला सांगितला नव्हता. निम्म्यांना वाटत होते की हे आपले आपणच निस्तरायला शिकले पाहिजे. जवळजवळ एकतृतीयांश मुलांना भीती होती की सांगितले तर घरचे इंटरनेट बंद करतील.

ही भीती आपल्या घरांत अगदी खरी ठरते. फोन काढून घेणे हा पालकांना उपाय वाटतो. मुलासाठी ती छळ सोसल्याबद्दलची शिक्षा असते, आणि त्याच फोनवर असलेले दोनचार खरे मित्रही तिने तुटतात. शिवाय फोन नसला म्हणून त्याच्याविषयीचा मजकूर थांबत नाही. फक्त तो त्याला दिसत नाही, इतर सगळ्यांना दिसतो.

कायदा कुठवर पोचतो?

भारतात 'सायबर छळ' नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६अ ऑनलाइन त्रासाला काही प्रमाणात लागू पडे, पण त्याचा वापर झाला तो भलतीकडेच. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली आणि देशभर गदारोळ उठला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवले. निकाल योग्यच होता. मात्र ऑनलाइन त्रासापुरते नेमके कलम त्या जागी आले नाही.

आज वेगवेगळी कलमे जोडून काम भागवावे लागते. दुसऱ्याची ओळख चोरल्यास ६६क, सोंग घेऊन फसवल्यास ६६ड, खासगी अवयवांचे चित्रण केल्यास ६६ई, मुलांच्या अश्लील मजकुरासाठी ६७ब. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी कलम ७८, धमकीसाठी ३५१ आणि बदनामीसाठी ३५६ आहे. पण कलम ७८ पुरुषाने स्त्रीचा पाठलाग केल्यासच लागते. छळल्या जाणाऱ्या मुलग्याला त्याचा उपयोग नाही. ग्रुपमधून वगळणे, टोपणनावाने हिणवणे, मीम फिरवणे यांना कायद्याचे टोक सहसा पोचत नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ते पोचावे असेही नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक मुख्याध्यापकाने लक्षात ठेवावी. अल्पवयीन मुलामुलीचा लैंगिक स्वरूपाचा फोटो किंवा व्हिडिओ फिरत असेल तर बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणून प्रकरण दाबणे हा स्वतःच गुन्हा ठरतो. तो फोटो पुढे पाठवणाऱ्या वर्गमित्रांनाही हा कायदा ठाऊक नसतो. तो त्यांना नववीतच सांगायला हवा.

मजकूर हटवण्याच्या बाबतीत २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी खासगी, नग्न किंवा बनावट केलेल्या चित्रांवर तक्रार आल्यापासून २४ तासांत कारवाई करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. इटलीचा २०१७ चा ७१ क्रमांकाचा कायदा याहून पुढे जातो. तिथे १४ वर्षांवरील मूल स्वतः, पालकांशिवाय, मजकूर हटवण्याची मागणी करू शकते. ४८ तासांत तो हटला नाही तर दाद मागायला डेटा-संरक्षण प्राधिकरण आहे. शिवाय प्रत्येक शाळेने या कामासाठी एक जबाबदार शिक्षक नेमायचा असतो. पालकांना सांगायला घाबरणाऱ्या मुलासाठी यापेक्षा नेमकी तरतूद शोधून सापडणार नाही.

उपाय: काय चालते, काय नाही

सध्या जगभर बंदीचा जोर आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. त्याचा परिणाम मोजायला अजून काही वर्षे जावी लागतील. शाळेतल्या फोनबंदीचा पुरावा संमिश्र आहे: नॉर्वेतल्या २०२४ च्या अभ्यासात बंदीनंतर छळ कमी झाल्याचे दिसले, तर इंग्लंडमधल्या ३० शाळांच्या २०२५ च्या अभ्यासात कडक आणि सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. शाळेच्या वेळेत फोन नको, हे अभ्यासासाठी ठीकच आहे. पण छळाचा बराचसा भाग संध्याकाळी आणि रात्री घडतो, तिथे शाळेची बंदी पोचत नाही.

वर्गाच्या वागण्यावर काम करणाऱ्या उपक्रमांचे निकाल छोटे पण खरे आहेत. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी उभा केलेला 'किवा' उपक्रम बघ्यांना लक्ष्य करतो. छळ झाल्यावर काय करायचे, कोणाला सांगायचे, एकट्या पडलेल्या मुलाच्या शेजारी जाऊन कसे बसायचे, हे त्यात धड्यांसारखे शिकवले जाते. २००७ ते २००९ च्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसल्यावर २००९ पासून तो देशभर नेला गेला. २०१९ मध्ये हॅना गॅफनी आणि सहकाऱ्यांनी सायबर छळविरोधी उपक्रमांचे एकत्रित मूल्यमापन केले, तेव्हा छळ करणे आणि सोसणे या दोहोंत साधारण १० ते १५ टक्के घट दिसली. जादू नव्हे, पण पन्नास मुलांच्या वर्गात एखाद्या मुलाचे वर्ष वाचते.

आपल्याकडे कागदावर बरेच काही आहे. सीबीएसईने २०१५ मध्ये शाळांना छळविरोधी समित्या नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा निर्णय काढला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना घडल्यावरच अनेकांना या समित्यांची आठवण झाली. फलकावर नावे लिहून समिती होत नाही. तिचे सदस्य मुलांना चेहऱ्याने माहीत असावेत, आणि ऑनलाइन तक्रार आली तर 'ते शाळेबाहेर घडलं, आमचा संबंध नाही' असे उत्तर देण्याची मुभा त्यांना नसावी. संबंध आहेच: छळणारा आणि सोसणारा दुसऱ्या दिवशी एकाच बाकाच्या अंतरावर बसणार असतात.

या सगळ्या पुराव्यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. सायबर छळाला मोबाइलचा प्रश्न मानून हाताळणारे बहुधा हरतात. त्याला वर्गातल्या नात्यांचा प्रश्न मानणाऱ्यांच्या हाती थोडे तरी लागते. शाळेने आठवीपासून बघ्यांना बोलायला शिकवावे, एक ठरलेला शिक्षक द्यावा आणि शाळेबाहेरच्या तासांची जबाबदारी झटकू नये. पालकांनी एकच शब्द द्यावा आणि तो पाळावा: 'काहीही झालं तरी मला सांग, फोन काढून घेणार नाही.' मूल सांगेल तेव्हा आधी ऐकावे, मग स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, ते खाते रिपोर्ट आणि ब्लॉक करावे, आणि प्रकरण धमकीचे किंवा फोटोचे असेल तर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा १९३० वर तक्रार करावी. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक चोवीस तास चालू आहेत. ते आजच मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावेत.